मेणाच्या दोऱ्याने शिवलेली रजई

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मगच जवळ या. मी एक जुनी रजई आहे, आणि जगात मला सगळ्यांत जास्त किळस कशाची येत असेल, तर ती माझीच.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. या घरच्या आईने मला शिवलं. आत कापूस भरलेलं मलमलीचं अंग आणि वर जाड सुती खोळ. खोळीच्या तीन बाजूंना तिने बारीक, घट्ट टाके घातले. चौथी बाजू मात्र गुलाबी दोऱ्याने लांब लांब, सैल टाचली. टाचताना ती स्वतःशीच गुणगुणायची:

एक बाजू ठेवते गं, सैल टाक्याची मोकळी
मळ येईल जाईल, ऊब राहील कोवळी

दोरा ओढला की खोळ सुटावी, धुवावी, पुन्हा घालावी. इतकं साधं होतं ते. पण हे तिने माझ्यापाशीच गुणगुणलं. खोळ धुवायची वेळ येण्याआधीच आजारपण तिला घेऊन गेलं.

मागे राहिले बाबा, त्यांचा धाकटा भाऊ आणि एक चिमुरडी लेक. बाबा चपला-बूट शिवतात. गल्ली त्यांना बुटांचा डॉक्टर म्हणते. त्यांनी माझी सैल बाजू पाहिली. त्यांना वाटलं, तिचे हात थकले म्हणून शिवण बिघडली, आता आपण ती पुरी करावी. त्यांनी बुटाची सुई घेतली, मेण लावलेला दोरा घेतला आणि त्या बाजूवर तशी दुहेरी शिवण मारली, जशी बुटात पाणी शिरू नये म्हणून मारतात.

पाणी शिरलंच नाही. धुवायचं नाव कुणी काढलं की बाबा म्हणत, हिच्यात तिचा वास आहे, तो जाईल.

या घरची एक रीत आहे. झाडांची पानं पिवळी पडून गळू लागली, पहिली थंडी खिडकीच्या फटीतून आत आली, की बाबा मला पत्र्याच्या पेटीतून काढतात. सगळे माझ्याखाली पाय घालून बसतात आणि एकेक जण आभार मानतो. कुणी छपराचे, कुणी चुलीचे, कुणी अंगातून उतरलेल्या तापाचे. ऐकायला किती गोड! पण मी ते कशाखाली ऐकते? काकांच्या भेगाळलेल्या टाचांखाली. ते आभार मानताना गहिवरतात आणि नाक माझ्याच काठाला पुसतात. लेक लहानपणी दुधाचे हात मला पुसायची. सांडलेलं सार, डोक्याचं तेल, घाम, सगळं माझ्यात मुरलं. मग वसंत आला की घडी घालून मला तशीच पेटीत कोंबायचे. शेवटचे आभार मात्र नेहमी माझे मानायचे. आभारांना साबणाचा वास असता, मित्रांनो, तर मी कधीच स्वच्छ झाले असते.

पुढे पेटीचा तळ गंजला आणि एक उंदरीण माझ्या कोपऱ्यात बाळंत झाली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. तुम्ही जेवून आला असाल.

यंदा लेक माहेरी आली, तान्ह्या मुलीला घेऊन. पहिली थंडी पडली. बाबांनी मोठ्या मायेने मला नातीच्या अंगावर पांघरलं. पोर शिंकू लागली, गालावर लाल पुरळ उठलं. लेकीने मला उचलून दाराबाहेर टाकलं आणि उद्या ही कचऱ्यात जाईल असं बजावलं. बाबा उंबऱ्यात आडवे आले. म्हणाले, आईचा वास आहे हिच्यात, तो कचऱ्यात टाकशील?

लेकीने मला पुन्हा उचलून नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"बाबा, हा आईचा वास नाही. उंदराचा आहे."

काका खाली मान घालून म्हणाले, "दादा, वहिनीने हे ऐकलं तर वरून चप्पल भिरकावेल. तीही तूच शिवलेली."

बाबांना हसू आलं की रडू, ते मला कळलं नाही. त्यांनी कातडं कापायची रापी आणली आणि स्वतःचे टाके स्वतःच कापले. मेणाचा दोरा निघाला, तसा खालचा गुलाबी दिसला. बाबांनी तो सहज ओढला. एका ओढीत अख्खी बाजू उघडली, आणि खोळ माझ्या अंगावरून सापाच्या कातीसारखी उतरली. कोपऱ्यातून वाळक्या लेंड्या पडल्या. शी!

बाबा त्या दोऱ्याकडे बघत राहिले. "हात थकले नव्हते तिचे," ते म्हणाले. "मीच वेडा."

माझ्या पहिल्या पाण्याचा रंग सांगत नाही. दुसऱ्याचाही नको. सडका कापूस काढला, नवा भरला, आणि उन्हाने मला हाडापर्यंत वाळवलं. मग बाबा गुलाबी दोरा ओवून बसले. त्यांचा हात आवळायला सरावलेला, दर टाक्याला लेक म्हणायची, "सैल, बाबा. सैल."

त्या संध्याकाळी सगळे पुन्हा माझ्याखाली बसले. बाबांनी मला हुंगलं. नुसता साबणाचा वास. तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

मित्रांनो, ज्याने ऊब दिली त्याचे आभार नुसते तोंडाने मानू नका. बादली घ्या, साबण घ्या, बाह्या वर करा.

हे मी मनात जुळवत होते, तेवढ्यात नातीने मला ओली केली. काका नाक पुसायला माझाच काठ शोधत होते. ईऽ! पण असू दे. दोरा गुलाबी आहे, आणि आता तो कुठून ओढायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.