शेठचा चावा

वहिनीने गॅलरीचा कठडा घट्ट धरून होडी भिंतीला लावली आणि दुसरा हात वर केला. गॅलरीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी चादरीत गुंडाळलेला कुत्रा हळूच खाली सोडला.

"डोकं सांभाळा त्याचं. आणि उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोला."

"नाव काय?"

"शेठ."

"शोभतं," वल्हं रोखून धरत तिचा दीर म्हणाला. "पालखीत बसल्यासारखा आलाय."

एरवी तो वेल्डिंगचं दुकान चालवायचा आणि वहिनी निवृत्त नर्स. पूर आला की दोघं जनावरं बाहेर काढायला निघत. आज सकाळपासून दोन शेळ्या, पिंजऱ्यातला पोपट आणि ओरबाडणारी एक मांजर काढून झाली होती.

"आता तुम्ही या, काका."

"मी कशाला? तुम्ही जनावरांसाठी आलात ना?"

"जागा आहे होडीत."

"सकाळी माणसांची होडी येऊन गेली. तिलाही नाहीच म्हणालो." घड्याळजींनी चष्मा सदऱ्याला पुसला. "शेठ हिचा लाडका. ही गेली, मग माझ्या गळ्यात पडला. आता तुमच्या हाती सोपवला. मी मोकळा."

वॉर्डात जगणं सोडून दिलेल्या रुग्णांकडून वहिनीने हा 'मोकळा' शब्द पुष्कळदा ऐकला होता, अगदी याच साध्या आवाजात. तिने वर पाहिलं. गॅलरीखालच्या भिंतीला आडवी भेग पडली होती आणि पाणी तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"वहिनी, ही भिंत काही खरी नाही," दीर हळूच म्हणाला.

वहिनी शेठवर वाकली, चादर नीट केली आणि एकदम किंचाळली.

"आई गं! चावला!"

तिने हात पदरात लपवला. दीर काही विचारणार होता, पण तिच्या डोळ्यांकडे पाहून त्याने वल्हं घट्ट धरलं.

"काका, हा आवरत नाहीये! होडी उलटेल आमची. धरा येऊन याला!"

"अहो, डावीकडून बोला म्हटलं ना!" घड्याळजी चिडले. पण बोलता बोलता त्यांनी कठड्यावरून एक पाय टाकलाही. दिराने त्यांना कंबरेला धरून अलगद खाली घेतलं. कोणी काही बोलायच्या आत होडी भिंतीपासून सुटली.

गल्ली मागे पडल्यावर घड्याळजींनी शेठचा ओठ बोटाने वर केला.

"बाई, याच्या तोंडात एकही दात नाही. पोळीसुद्धा कुस्करून घालावी लागते."

वहिनी पाण्याकडे बघत राहिली. दिराला भलताच खोकला आला.

"मग उतरलात कशाला?" तिने शेवटी विचारलं.

घड्याळजींनी शेठचा ओठ सोडला.

"कुणी एवढ्या जोरात हाक मारली नव्हती बरेच दिवस," ते म्हणाले, आणि चादरीचं टोक शेठच्या पाठीवर ओढलं.

कोरड्या रस्त्याशी होडी टेकली तेव्हा चार-पाच माणसं हात पुढे करून धावली. घड्याळजी हलले नाहीत. शेठने त्यांच्या पावलावर हनुवटी टाकली होती.

"थांबा जरा," ते कुजबुजले. "आत्ता डोळा लागलाय त्याचा."

पलीकडच्या चाळीत एक गाय अडकली होती, तिलाही काढायचं होतं. दिराने वहिनीकडे पाहिलं. तिने पुढे आलेल्या माणसांना हातानेच थोपवलं आणि ती होडीतच पुन्हा खाली बसली.