सुतकाचं उत्तर

पुढारी माणसाला भाषण एक वेळ टाळता येतं, जेवण टाळता येत नाही. नेपियर टाउनातल्या रामरावांचं पोट त्या एकाहत्तर साली पार बिघडलं होतं. पण निवडणूक तोंडावर आलेली, तेव्हा आजार कबूल करायची सोय नव्हती. त्यांचा सगळा पत्रव्यवहार सून शैलजा पाही. शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका मंडळाचं भाषणाचं आणि भोजनाचं आमंत्रण आलं, तेव्हा ते तिला म्हणाले, "लिहून दे, सुतक आहे. काटोलचे काका गेले." सुतकापुढे कोणता यजमान आग्रह धरणार? शैलजाने लिहून टाकलं.

चौथ्या दिवशी काटोलहून तार आली. काका खरोखरच गेले होते.

दिवाळीनंतर सराफ्यातल्या व्यापाऱ्यांना तिने आर्वीच्या काकूंचं नाव कळवलं, आणि त्याच आठवड्यात काकूही गेल्या. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे तिने माहेरी हजारदा ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. आता मात्र तिला हसता येईना, कारण तिचा नवरा श्रीरंग फौजेत होता आणि लढाईची चिन्हं दिसत होती.

"काहून घाबरून राहिली?" रामराव म्हणाले. "म्हातारी माणसं होती."

त्यानंतर, लिहिलेलं कारण पुन्हा खरं ठरेल या धास्तीने, तिने एकही आमंत्रण नाकारलं नाही. डिसेंबरात लढाई पेटली, कारखाने रात्रंदिवस चालू लागले, आणि जो तो रामरावांना कामगारांपुढे बोलायला, पंगतीला बसायला बोलावू लागला. सासऱ्यांनी तिच्यापुढे हात जोडले, जेवून आल्यावर ओकाऱ्या काढल्या, तरी तिने प्रत्येकाला 'अवश्य येतो' असंच लिहिलं आणि पत्र स्वतः पेटीत टाकलं. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगार मंडळालाही तसंच कळवलं. सासऱ्यांचं काही का होईना, श्रीरंग परत यायला हवा, असं ती आता मनाशी उघड उघड म्हणू लागली होती.

खमरियाच्या जेवणाला दोन दिवस असताना मंडळाचा चिटणीस मुरलीधर दुपारीच घरी आला. चपला बाहेर काढून तो भिंतीशी बसला, आणि पाणीही घेईना.

"वहिनी, तुमचं पत्र भेटलं," तो म्हणाला. "जेवण रद्द केलं आम्ही. श्रीरंगभैयाची खबर वाचून कोणाच्या घशाखाली घास उतरन?"

"मी 'अवश्य येतो' म्हणून लिहिलं होतं," शैलजा म्हणाली.

मुरलीधरने खिशातलं पत्र पुढे केलं. अक्षर तिचंच होतं; सुतक आहे, श्रीरंग गेला, असं लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, आणि मग त्याला आजची तारीख विचारली.

"बारा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

पत्रावर तेरा तारीख होती.