मामा येईपर्यंतचा वेळ

मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि सुकन्याचा मामा आलेला नव्हता.

आमच्याकडं नवरीला मांडवात मामा आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. सख्खा नसला तर चुलत चालतो, असं भटजी म्हणत होते. आईला ते चालत नव्हतं. ती आत सुकन्याजवळ, माझ्या बहिणीजवळ, बसून सकाळपासून एकच वाक्य म्हणत होती, "माझा भाऊ आल्याबिगर माझ्या लेकीवर अक्षता पडायच्या न्हाईत."

मांडवात पहिल्या रांगेत प्रयागबाई बसलेली. नवरदेवाची आजी, मोरगावची. तिच्या थोरल्या नातवाचं लग्न मुहूर्त टळून लागलं होतं आणि त्याची बायको दिवाळीला माहेरी गेली ती आजतागायत दिवाळीच करत होती. म्हणून सुपारी फुटतानाच म्हातारीनं बजावलं होतं, "येळ टळली की आमी वऱ्हाड घिऊन माघारी. मग कुनी पाया पडाय यिऊ नका." बाई बोलल्याप्रमाणं वागणारी होती. वऱ्हाडाच्या टेम्पोत ड्रायव्हर बसूनच होता.

सकाळपासून माइकवर स्वागत करून करून शाळेच्या गुरुजींचा घसा बसला. मग वडिलांनी माइक माझ्या हातात दिला.

"सिद्धू, एरवी लई त्वांड चालवतुस. आज चालव. समर्थला गाडीवरनं काटेवाडीला धाडलाय मामाला आणाय. तवर येळ मारून ने."

"किती येळ?"

"मामा येस्तवर."

समर्थ माझा चुलतभाऊ. आमच्या सणसरहून मामाची काटेवाडी काही लांब नाही, पण ते अंतर वडिलांनी चार वर्षांत कापलं नव्हतं. मामाच्या पोराच्या लग्नात आमची जीप वाटेत पंक्चर झाली. आम्ही पोचलो तर अक्षता पडून पहिली पंगत बसलेली. मामा म्हणाला, मुहूर्त होता, दाजी. वडील म्हणाले, मग मुहूर्तालाच वाढा. तिथून उपाशी माघारी आले. त्यानंतर ते काटेवाडीला गेले नाहीत आणि आईलाही जाऊ दिलं नाही.

आता मामाला लग्नाचं बोलावणं म्हणजे दाजीनं स्वतः जाऊन हातात अक्षत द्यायची. वडिलांनी पोस्टानं पत्रिका पाठवली. तिच्यावर छापलं होतं, 'हेच अगत्याचे आमंत्रण समजावे.' मामानं समजून घेतलं नाही.

मी माइक तोंडाला लावला. माजी उपसरपंच आले होते, त्यांचं स्वागत केलं. ज्यांना उपसरपंच व्हायचंय ते तिघं आले होते, त्यांचंही केलं. दूध संकलन केंद्राचे, सोसायटीचे, जनावरांच्या दवाखान्याचे कंपाउंडर. माणसं संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या स्वागताला कंपाउंडर उठून उभे राहिले आणि आता आपल्याला बोलायचं आहे असं समजून खिशातनं चष्मा काढू लागले.

"आरं, किती गं बाई बोलतंय हे!" प्रयागबाई ओरडली. "पोरा, येळ काय झाली?"

"मंडळी, आज्जी येळ इचारत्यात," मी म्हणालो. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. "आता येळ म्हंजी काय, ह्ये आपून बघू. ज्याला काम न्हाय त्याचा येळ जात न्हाय. ज्याला काम सांगावं त्याला येळ न्हाय. सायबाला भेटाय जावं तर त्यो येळ देत न्हाय, आन भेटलाच तर म्हंतो, माजा येळ घिऊ नका. द्यायचा बी न्हाय आन घ्यायचा बी न्हाय, मंग ठेवलाय तरी कुठं?"

मांडव हसला. मला धीर आला.

"आन जाताना बघा, त्यो येळ जातो. गड्यावानी, न सांगता. येताना मातर ती येळ येती. बाईवानी, समदं घर उठवून."

"आन टळती ती बी बाईच!" प्रयागबाई म्हणाली. "ती टळली तर म्या बी टळंन. मुकाट किती वाजलं सांग."

हसणं तिथंच थांबलं. मी घड्याळ बघितलं आणि सांगितलं नाही.

तेवढ्यात समर्थची गाडी आली. मागची सीट रिकामी.

"घराला कुलूप हाय," तो धापा टाकत वडिलांना म्हणाला. "शेजारीण म्हणली, मामा सकाळच्या यष्टीनं गेलं. फेटा बांधून."

"कुठं?"

"त्ये न्हाय सांगितलं."

वडील खुर्चीत बसले. "दुसऱ्या कुणाच्या लग्नाला गेला आसंल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

प्रयागबाईनं पदर खोचला. ती उठली तसं मोरगाव उठलं. नवरदेव पाटावर उभा होता; त्याला एका चुलत्यानं दंडाला धरलं. टेम्पोचं इंजिन सुरू झालं. घराच्या खिडकीत मुंडावळ्या हलल्या.

"सिद्धू," सुकन्या दात आवळून म्हणाली, "टेम्पो हलला तर तुला त्या माइकच्याच वायरनं बांधीन."

माझ्याकडं स्वागत सोडून दुसरं काहीच नव्हतं. मी डोळे मिटले.

"काटेवाडीचे प्रगतशील बागायतदार, नवरीचे सख्खे मामा, श्रीमान सर्जेराव तात्या यांचं मांडवात आगमन झालेलं आहे! त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!"

मामा आला की वाजवायचं, एवढंच बँडवाल्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. सगळ्या माना मांडवाच्या तोंडाकडं वळल्या.

तिथं कुणी नव्हतं. एक शेळी होती.

बँड जिवाच्या आकांतानं शेळीसाठी वाजत होता. प्रयागबाईनं शेळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पळायचं कुठल्या बाजूनं, हे मी ठरवत होतो.

रस्त्याच्या पलीकडं रसवंती होती. तिथल्या तट्ट्यामागनं एक गुलाबी फेटा वर आला. माणसानं उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला, मिशा पुसल्या, धोतर झटकलं आणि रस्ता ओलांडायला सुरुवात केली. मामा सकाळपासून तिथंच बसून होता. कर्ण्यातून सगळ्या तालुक्याचं स्वागत ऐकत होता, कंपाउंडरचं तीनदा. अक्षत मिळाली नव्हती म्हणून मांडवात येता येईना, आणि भाचीचं लग्न म्हणून घरी बसवेना.

मांडवाच्या तोंडाशी येऊन तो थांबला. पाऊल आत टाकलं नाही. बँड आपोआप गप झाला.

"दाजी," मामा म्हणाला, "माजं नाव पुकारलं, त्ये कुनी सांगितल्यावरनं?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगं आगाऊ आहे, एवढं म्हटलं असतं तर ते खरंच होतं, आणि मामा तसाच वळला असता. वडील उठले. वाटायला ठेवलेल्या परातीतून मूठभर अक्षता घेतल्या, चालत गेले आणि त्या मामाच्या हातावर ठेवल्या.

"म्या," ते म्हणाले.

मामा हातातल्या तांदळाकडं बघत राहिला. "तवा आमी थांबाय पायजे हुतं, दाजी."

"मग आता तरी थांबू नगासा."

"आरं गळ्यात पडायचं आसंल तर पंगतीत पडा!" प्रयागबाई किंचाळली. "घड्याळ पळतंय माजं! पोरीला आणा!"

मामा आत धावला. सुकन्याला त्यानं आणलं म्हणण्यापेक्षा उचललं म्हणणं बरोबर. अंतरपाट धरला गेला, भटजींनी माझ्या हातातला माइक हिसकावला आणि पहिलं मंगलाष्टक एका श्वासात म्हटलं. प्रयागबाईनं शेजारच्याचं मनगट ओढून घड्याळात पाहिलं आणि मुठीतल्या अक्षता सगळ्यांच्या आधी फेकल्या.

मी आत गेलो. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं.

"आलाय न्हवं?" तिनं विचारलं.

"आलाय."

"वाळलाय का रं?"

"फेट्यात कळत न्हाय."

"चेहरा कसा दिसतुय?"

"जा की बघाय. हितनं चार पावलांवर हाय."

तिनं मान हलवली आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला. बाहेर भटजी दुसऱ्या मंगलाष्टकाला लागले होते.

"आजून तीन ऱ्हायलीत," आई म्हणाली. "थांबते तेवढा येळ."