मशीन कोणी धुतली?

आरमोरीहून आलेल्या रंजीतानं हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या छपरावर चढल्या.

"मशीन कोनं धुतली?"

पडवीतल्या टेबलावर तिची चॉकलेट दळायची मशीन नव्या नवरीसारखी नटून बसली होती. झेंडूची माळ, दोन्ही दगडांना हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ. स्टीलचं भांडं तर असं लखलखत होतं, की रंजीताला त्यात आपलंच लाल झालेलं तोंड दिसलं. दुसरी एखादी हरखली असती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाणी म्हणजे या मशीनचा वैरी! सिरोंच्याकडं घरोघरी इडली-डोशाचं पीठ दळायला जी छोटी मशीन असते, तीच ही. पण पीठ घटकाभरात दळून होतं, अन् चॉकलेटसाठी दगड दिवसरात्र फिरावा लागतो. पहिली मोटर त्यातच जळाली. मग आलापल्लीत जळक्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या खुर्शीदभाऊंशी भांडभांडून रंजीतानं सगळं बदलून घेतलं. दमदार मोटर, तिच्याखाली वाऱ्याला पंखा, अन् दगड दाबून धरायला वरून स्प्रिंगचा स्क्रू. दगडांच्या मधली नळी झिजली की रंजीता ती स्वतःच बदलायची. मशीन धुवायची मात्र कधीच नाही. कोरडा ब्रश मारायचा, मूठभर साखर दळून काढायची, पुसायचं, झालं. दगड एकदा पाणी पिऊन बसला की लवकर सोडत नाही, अन् चॉकलेटात थेंबभर पाणी गेलं की त्याचा गिच्च गोळा होतो.

बरं, भांडं रिकामं असतं तर तिनं एक वेळ राग गिळला असता. बहिणीच्या, ललिताच्या बाळंतपणाला तिला घाईनं जावं लागलं, म्हणून मोहफुलं घालून दळलेलं चॉकलेट तिनं भांड्यातच थिजू दिलं होतं अन् वर फडकं बांधलं होतं. परत येऊन ते गरम करायचं, वड्या पाडायच्या अन् चंद्रपूरच्या दिवाळी मेळ्यात मांडायच्या. आजवर तिच्या वड्या बचत गटाच्या पापडांमागे कुठेतरी दडून असायच्या. यंदा पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या नावाचं टेबल होतं. घरातली मोहफुलं त्यात संपली होती, अन् मोह काही दिवाळीत गळत नाही.

"म्या धुतली," नवरा, अंकुश, हसतच अंगणातून आला. "दसरा होता न वो. ट्रॅक्टर धुतला, गाडी धुतली, कुऱ्हाड धुतली. म्हनलं, तुही मशीन काऊन सोडाची?"

"भांड्यात काय होतं?"

"तो चिखल? लय घट्ट बसला होता. खुरप्यानं खरडला, मंग पाइप लावला."

"अन् टाकला कुठी?"

अंकुशनं हनुवटीनं उकिरडा दाखवला.

रंजीता धावली. शेणात, राखेत तिचं चॉकलेट ढेकळांसारखं पडलं होतं अन् त्याच्यावर मुंग्यांची पंगत बसली होती. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर डोळस बाईनं दळलं होतं, अन् कुत्र्यानंसुद्धा तोंड लावलं नव्हतं. तिनं एक ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. मोहाचा वास तसाच होता. त्या वासानं तिला रडू फुटलं, अन् रडू फुटल्याचा आणखी राग आला.

"सनाले धुवाच लागते बाई," सासू, रुखमाबाई, पडवीतून म्हणाली. "बिनधुतल्या अवजाराले हळद लावत असते का कोनी?"

"मंग नोका लावू ना हळद! कोनी सांगतलं होतं?"

"तूच सांगतलं," अंकुश म्हणाला. "मांगच्या दसऱ्याले तूच तोंड फुगवून बसली होती. माह्या मशीनले काऊन नाई म्हने, ते अवजार नोहय का म्हने."

अन् ते खरं होतं. म्हटलं होतं तिनं. खरं होतं म्हणून तिचं डोकं आणखीच फिरलं. आपल्याच तोंडातलं वाक्य कोणी आपल्याच पाठीत घातलं, की ते जरा जास्तच लागतं.

तिनं पदर खोचला अन् दगड उतरवले. ओलेच होते. मधल्या नळीत बोट घातलं, ते काळं होऊन बाहेर आलं.

"हे काय हाये?"

"ग्रीस," अंकुश म्हणाला. अजून त्याला वाटत होतं की शाबासकी मिळेल. "कोरडं होतं ना सारं. ट्रॅक्टरच्या गननं दोन पिचकाऱ्या मारल्या. आता लोन्यावानी फिरते."

"लोन्यावानी! अरे, खायाची वस्तू दळते त्याच्यात! लोकायले ट्रॅक्टरचं ग्रीस चारू का मी?"

तिनं दगड पुसले, बसवले, मूठभर साखर घालून मशीन चालू केली. देवा, एवढी साखर कोरडी निघू दे! साखर दगडाला चिकटली, तिचा लगदा झाला, अन् लगद्यात काळी रेघ उमटली. रंजीतानं बटण बंद केलं. मेळा हातचा गेला होता.

तिच्या मागे उभा राहून अंकुशनं सगळं पाहिलं. तेव्हा तरी गप्प बसावं ना माणसानं! पण नाही. म्हणाला, "जाऊ दे ना वो. दुसरी घेऊ. एवढ्याशा खेळन्यासाठी काऊन घर डोक्यावर घेऊन राह्यली?"

रंजीता उठली. पाण्याच्या गुंडातून तांब्याएवढा गडवा भरून घेतला अन् सरळ अंगणात ट्रॅक्टरकडे गेली. डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं, अन् गडवा टाकीच्या तोंडावर धरला.

"ए! ए! काय करतं?" अंकुश पळत आला.

"धुतो," रंजीता म्हणाली. "दसऱ्याले आतून धुवाचा राह्यला असन."

"याड लागलं का तुले? डिझलमंदी पानी गेलं तं ट्रॅक्टर जागीच बसते! टाकी सोडा लागते, पाइप सोडा लागते, पंप खोला लागते! धान कापाले आला, लोकं भाड्यासाठी दारात उभे हायेत!"

"मालूम हाये ना मंग तुले!" आजवर नवऱ्याला 'तुमी' म्हणणारी रंजीता आज 'तू'वर आली होती, अन् त्याचं भान दोघांनाही नव्हतं. "पानी कुठी चालत नाई, तुले बराबर मालूम हाये. तुह्या मशीनचं नाव आलं तं समद्यायले अक्कल येते. माही मशीन आली की तो चिखल. माह्यावाला धंदा खेळनं. इचारलं असतं तं जीभ झडली असती का तुही? आरमोरी काय लंका हाये? एक फोन कराचा होता!"

"अवो, पन म्या चांगल्यासाठीच..."

"मी बी चांगल्यासाठीच धुतो!"

रुखमाबाई पडवीच्या खांबाला धरून उभी होती.

तेवढ्यात रंजीताच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. बचत गटाची स्वाती. रंजीतानं डाव्या हातानं फोन काढला, आवाज मोठा केला. उजव्या हातातला गडवा होता तिथेच होता.

"रंजीता, बॅनरवाला येऊन बसला हाये," स्वाती म्हणाली. "तुह्या टेबलावर काय नाव टाकू? मोहाचं चॉकलेट, रंजीताबाईचं, असंच टाकू ना?"

रंजीतानं फोन अंकुशपुढे धरला. "तू सांग."

अंकुशनं फोनकडे पाहिलं, मग गडव्याकडे. घसा खाकरला. "स्वातीताई, मी अंकुश. ते... मशीन बिघडली."

गडवा कलंडला. पाण्याची एक धार टाकीच्या काठावरून बाहेर ओघळली.

"बिघडली नाई!" अंकुश ओरडला. "म्या बिघडवली. धुतली म्या. ग्रीस बी म्याच भरलं."

"अरे देवा. पन माल तं तयार होता ना तिचा? मले म्हने, दळून ठेवला हाये."

अंकुशनं खाली पाहिलं. रंजीतानं त्याला घाई केली नाही अन् सूटही दिली नाही.

"होता," तो शेवटी म्हणाला. आवाज पार उतरला होता. "म्या उकिरड्यावर टाकला, ताई. मले चिखल वाटला. तिले इचारलं नाई."

पलीकडून बॅनरवाल्याचं मागून काहीतरी विचारणं तेवढं ऐकू आलं. मग स्वाती हळूच म्हणाली, "मंग तिचं नाव काढू का?"

"काढ," रंजीता म्हणाली, अन् फोन ठेवला.

तिनं टाकीचं झाकण घट्ट लावलं. ओरडून ओरडून घशाला कोरड पडली होती. गडव्यातलं पाणी ती तिथेच उभ्याउभ्या घटाघटा प्यायली. मग पडवीत जाऊन टेबलापाशी बसली अन् झेंडूची माळ काढून बाजूला ठेवली. खुर्शीदभाऊंकडे न्यायला सगळं खोलावं लागणार होतं.

अंकुश पाना घेऊन आला. "दे, मी खोलतो," म्हणाला.

"पाना तिथी ठेव," रंजीता म्हणाली. "अन् हात लावू नको."