सा-पची जोडी

गुलशननं लिहिलेल्या चार आवाजांच्या मांडणीत जी जागा तिला सगळ्यात आवडली होती, नेमकी त्याच जागेखाली सूर्यभान सरांनी लाल रेघ ओढली होती.

विद्यापीठात एम.ए. संगीतच्या शेवटच्या वर्षाला सर हार्मनी शिकवायचे. वर्गात चौघंच. कन्नड तालुक्यातली गुलशन, सोयगावचा त्रिंबक, गारखेड्यातून स्कूटीवर येणारा कय्युम आणि मोजकंच बोलणारी सारजा. चौघंही लहानपणापासून तानपुरा घेऊन एकेकट्यानं गाणारे. चार जणांनी एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गायच्या आणि ऐकणाऱ्याला ते एकच गाणं वाटलं पाहिजे, हा प्रकार त्यांना नवा होता. सरांनी एक साधी चाल देऊन तिच्याखाली आणखी तीन आवाज लिहायला सांगितले होते. गुलशनची मांडणी सगळ्यांत चांगली ठरली, आणि शनिवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर तीच गायची असं ठरलं.

"सर, इथं काय चुकलं?" तिनं विचारलं.

"खालच्या दोन आवाजांत सा-प आहे. लगेच रे-ध, मग ग-नी. तेवढंच अंतर धरून दोघं बरोबरच वर चढतात. हार्मनीत हे चालत नाही."

"पण सर, सा-पइतकं गोड दुसरं काय असतं? आपला तानपुराच त्याच्यावर उभा आहे."

सरांना हसू आलं. "मग राहू दे तसंच. गाऊन बघा आणि नियम का केला असेल ते तूच मला सांग."

गुलशनला वाटलं, आपण जिंकलो.

तालमीत मात्र त्या जागेवर काहीतरी बिनसायचं. सगळ्यात खालचा आवाज त्रिंबकचा होता, त्याच्या वरचा कय्युमचा. त्रिंबकच्या घरी मेंढरं होती. माळावर या टोकापासून त्या टोकाला हाका मारून त्याचा आवाज भरदार झालेला. गाणं त्या जागेवर आलं की कय्युम थांबायचा.

"यार, मेरा आवाज कहाँ गया? मी गातोय ना, मग मलाच ऐकू का येत नाही?"

"त्रिंबक, हळू गा," गुलशन म्हणाली.

त्रिंबक हळू गायला. कय्युमचा आवाज तरीही गायब.

"अजून हळू."

"आता काय तोंड मिटून गाऊ?" त्रिंबक चिडला. "एवढ्या जागंवरच कसा काय मी मोठा होतो? बाकी सगळं गाणं तर बरोबर चाललंय."

"तुझा आवाजच तसा आहे. दुसऱ्याला खाऊन टाकतो."

त्रिंबकनं पाठ फिरवली. खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. सारजानं गुलशनकडं असं पाहिलं, की गुलशन पाण्याची बाटली उचलून बाहेरच पडली.

ती व्हरांड्याच्या टोकाला बाटली भरत होती. तेवढ्यात सारजानं समजूत घातली असावी, कारण वर्गातून दोघांचंच गाणं सुरू झालं. खाली त्रिंबक, वर कय्युम. दुरून दोघं छान वेगळे ऐकू येत होते. एक थांबला की दुसरा पुढं सरकायचा. मग ती जागा आली. दोघंही गात होते, पण व्हरांड्यात ऐकू आला तो एकच माणूस, जाड आवाजाचा. पुढच्या ओळीला पुन्हा दोन झाले.

बाटली भरून पाणी तिच्या चपलेवर सांडायला लागलं, तेव्हा ती भानावर आली आणि पळत वर्गात शिरली.

"त्रिंबक, तुझा आवाज मोठा नाही! म्हणजे आहे, पण चूक त्याची नाही. मी तुम्हा दोघांना एकमेकांना बांधून चालवलं. सूर इतके जुळतात, की दोघांचा मिळून एकच होतो. माझंच लिहिणं चुकलं. तुला उगाच बोलले."

"लई बोललीस," त्रिंबक म्हणाला, पण त्याचा चेहरा खुलला होता. "मग आता?"

"कय्युम वर चढेल तिथं तू खाली उतरायचं."

तिनं तिथंच खोडून नवीन सूर लिहिले. पहिल्यांदा गाताना त्रिंबक सवयीनं वरच गेला आणि सगळे हसले. दुसऱ्यांदा तो खाली उतरला, आणि कय्युम गाता गाताच डोळे मोठे करून स्वतःच्या छातीवर बोट ठेवायला लागला. त्याला आपला आवाज ऐकू येत होता.

शनिवारी परीक्षकांनी तीच जागा पुन्हा गायला लावली. मग सूर्यभान सरांनी विचारलं, "गुलशन, कळलं का नियम कशासाठी?"

"सर, सा-प गोडच आहे. पण लागोपाठ आलं की दोघांतला एक हरवतो. मला चारही हवे होते."

परीक्षकांनी मान डोलावली आणि सरांनी नाक खाजवल्यासारखं करून हसू लपवलं.

दुपारी चौघं कँटीनबाहेरच्या टेबलाशी उभे असताना त्रिंबकनं आईला, बानाबाईला, फोन लावला. परीक्षा झाली म्हणाला आणि आपली ओळ एकट्यानंच गाऊन दाखवली.

"अरं, ह्याच्यात चाल कुठंय?" पलीकडून बानाबाई म्हणाली.

"चाल गुलशनकडं हाय, आई. माझ्याकडं बूड हाय. थांब."

त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि तिघांना हात केला. गर्दीत, चहाच्या कपांच्या खणखणाटात, चौघांनी पहिल्यापासून गायलं. गाणं संपलं. त्रिंबक फोनवर वाकला.

"आई, माझा आवाज सगळ्यात खालचा. आला का?"

"व्हय की," बानाबाई म्हणाली. "पण त्यो वरचा पोरगा कोण रं? लई ग्वाड गळा हाय."

कय्युमनं झडप घालून फोन हातात घेतला.