हसण्यावारी नेलेलं

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांची शिकाऊ मंडळी पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणायची, आणि ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणू देत बापडी! शिकवायच्या गाडीत बाईंच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता आणि तो त्यांनी वेळेवर दाबला, म्हणूनच ही मंडळी नावं ठेवायला धडधाकट उरली होती. बाई तोंडाच्या फटकळ. गिअर शिकवता शिकवता पोरापोरींना संसारही शिकवून टाकायच्या. "शेजारी बसून जो सारखा ओरडतो ना, त्याला आधी खाली उतरव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता गंमत बघा. एवढ्या बोलभांड बाईंच्या गाडीत गेले काही दिवस एक जण मागच्या सीटवर बसून सारखा ओरडत होता, आणि बाई ब्र काढत नव्हत्या. कारण तो त्यांचा स्वतःचा लेक होता. पुढे स्टेअरिंगवर त्याची होणारी बायको. मुलगी इस्पितळात नर्स, कामाला वाघ, बोलायला मोजकी. बाईंचा तिच्यावर असा जीव जडला होता की दोघांचे फोन एकदम आले तर त्या आधी तिचा उचलायच्या.

चढावरच्या सिग्नलला हमखास तमाशा व्हायचा.

"क्लच! अगं क्लच! किती वेळा सांगितलं तुला?" लेक मागून ओरडायचा. की मुलीचा पाय डगमगलाच. गाडी आचका देऊन बंद, मागे हॉर्नचा गोंगाट.

"उतर, मी घेतो. आई, हिला नाही जमायचं हे."

"जमेल रे," बाई पुटपुटायच्या, बस्स. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर कान धरून फुटपाथवर उभं केलं असतं त्यांनी. पण म्हणतात ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. वर मुलीलाच समजावायच्या, "काळजी करतो गं तो. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

एके दिवशी मुलगी एकटीच आली. त्याच चढावर गाडी थांबली आणि त्याच चढावर ती लोण्यातून सुरी फिरावी तशी अलगद निघाली. बाई शाबासकी द्यायला वळल्या, तर मुलीचा चेहरा उतरलेला. खेळाच्या मैदानाशी तिनं गाडी कडेला घेतली, बंद केली.

"काकू, तुम्हाला आधी सांगते. लग्नाला नाही म्हणावं, असं माझ्या मनात येतंय."

"अगं बाई! काय झालं? हात उचलला का त्यानं?"

"छे, छे. तसं काही नाही." मुलगी स्टेअरिंगकडे बघत बोलत होती. "त्यानं आमच्या मुख्य सिस्टरना फोन केला. म्हणाला, ती यापुढे रात्रपाळी करणार नाही. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. सिस्टरनी मला सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, आता तुझे निरोप तुझा नवरा देणार का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला जाब विचारला तर म्हणतो, काळजीपोटी केलं, एवढं काय मनाला लावून घेतेस."

"थांब, आज येऊ दे घरी. चांगला फैलावर घेते त्याला."

"खरंच बोलाल तुम्ही?"

टोमणा नव्हता तो. पोर खरंच विचारत होती.

"परवा मी जेवायला आले होते," ती पुढे म्हणाली. "काका म्हणाले, घराचं स्टेअरिंग माझ्या हातात, हिच्याकडे फक्त हॉर्न. सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा. आमच्याकडे पेशंट म्हणतात, दुखत नाही हो सिस्टर, आणि चादर मुठीत घट्ट धरलेली असते. मला तसं वाटलं. काकू, मला नाही हो येणार तसं हसायला."

जिभेला हाड नसलेल्या बाई उगाच गाडीचा आरसा सरळ करू लागल्या.

"मी त्याच्याकडे वेळ मागितलाय. म्हटलं, मी होऊन फोन करीन, तोवर तू करू नकोस. तर कालपासून त्याचे सारखे फोन येतायत."

बाईंना आधी राग आला, तोही पोरीचाच. आमच्या घरात बसून, आमचंच जेवून, ही माझं हसणं तपासत होती? मग राग ओसरला आणि बाईंना भीती वाटायला लागली. ही गोड पोर आपल्या घरी येणार नाही, आणि त्यात तिची काडीचीही चूक नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी तिघंच होते. बाईंच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना हसवायची सवय ते रोज घरीही घेऊन यायचे. लेकाचं लक्ष ताटात नव्हतं, तो फोन लावत होता आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

"सिस्टरना फोन का केलास?" बाईंनी विचारलं.

"लावली वाटतं तिनं चुगली! आई, जागरणांनी तिची तब्येत ढासळतेय. मी तिचं भलं बघायचं नाही?"

"तिला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? बाबा विचारतात तुला? तू दुसरी गाडी घेणार होतीस, तेव्हा बाबांनीच गाडी विकणाऱ्याला परस्पर नाही म्हणून कळवलं. तू हसलीस. म्हणालीस, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. तुला चालतं, मग हिलाच काय झालंय?"

"शाबास रे पठ्ठ्या! माझ्यावरच गेलाय," यजमान खो खो हसले आणि नेहमीसारखे बायकोकडे बघू लागले.

सवयीनं हसू ओठांपर्यंत आलंच होतं. बाईंनी ते गिळलं.

"नाही चालत मला," त्या म्हणाल्या. "तेव्हाही चाललं नव्हतं. आठवडाभर गाडीत बसून रडले होते मी. घरात भांडण नको म्हणून हसण्यावारी नेलं. आणि ह्यानं त्यातून काय उचललं? की बायकोला विचारायचं नसतं, ती हसते. जगातल्या पोरांना शहाणपण शिकवत फिरले आणि माझ्या पोराला हे शिकवून बसले!"

"अगं, मस्करी असते ती," यजमान गोरेमोरे झाले.

"अहो, मस्करी असते तर मला हसू का येत नाही?"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

लेकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू रडली होतीस?" त्यानं हळूच विचारलं. बाईंनी मान हलवली. त्यानं झटकन फोन उचलला. "मी आत्ताच्या आत्ता तिची माफी मागतो."

"ठेव तो."

"अगं, माफीच मागतोय!"

"तिनं फोन करू नकोस म्हटलंय. मग माफीसाठीसुद्धा नाही."

"बरं, सिस्टरना तरी सांगतो, की माझी चूक झाली."

"पुन्हा परस्पर? तेही तिला विचारून."

"मग मी करू तरी काय?" तो वैतागून ओरडला.

"थांब."

"किती दिवस?"

"ते ती ठरवील."

मग लेक लहानपणी ताप आला की जसा बोलायचा, तशा आवाजात म्हणाला, "आणि ती नाहीच म्हणाली तर?"

बाईंनाही ती पोर हवी होती. तिला एक फोन करावा, लेकाची बाजू मांडावी, चार विनवण्या कराव्यात, असं त्यांच्याही मनात आलं होतं.

"तर नाही," त्या म्हणाल्या. "तिनं नाही म्हटलं की विषय संपला. रडू आलं तर माझ्यापाशी ये, मीही रडेन तुझ्याबरोबर. पण तिच्या दाराशी जाऊन रडायचं नाही."

लेकानं फोन खाली ठेवला आणि तिथेच, अर्ध्या ताटावर, रडायला लागला. बाईंनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.