आरोहीच्या कपाळावरची तुळस

आमच्या मंजुळाबाईंनी नातीसाठी गोंदणारीण ठरवली, तीही लेकीला न सांगता. लेक प्रियंका लंडनला नर्स आहे. सुटीत सात वर्षांच्या आरोहीला घेऊन आमच्या गावी, डोंगरकड्याला आली होती. प्रियंका एकटी नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेली की मागे पोरीच्या कपाळावर तुळस गोंदून घ्यायची, असा बेत. मला तो मुळीच पटला नव्हता. पण बायकोपुढे तोंड उघडायची माझी छाती नाही.

निघण्याआधी चहा पिताना शेजारच्या पंचफुलाबाईंनी विचारलं, "तिकडं काय काम करून राहिलीस गं?"

प्रियंकाने सांगितलं. बाहेरून येऊन तिथे राहिलेल्या काही लोकांत मुलींची सुंता करतात, म्हणजे नाजूक जागी कापतात; अशा पोरी तिच्या दवाखान्यात येतात. कायद्याने बंदी आहे, म्हणून सुटीत लेकरांना आजीच्या गावी नेऊन उरकतात. त्या पोरींना जन्मभराचा त्रास. आता त्यांच्यातच भांडणं लागलीत. आया नको म्हणतात, आज्या ऐकत नाहीत.

मंजुळाबाईंना ठसका लागला. "मुडदा बसवला त्या आज्यांचा! लेकराला काहून तकलीफ?"

"त्या म्हणतात, न्हाई केलं तर लगीन कोण करंल?"

मंजुळाबाईंनी कप खाली ठेवला. हेच त्यांनी काल मला ऐकवलं होतं.

"म्हणतात, आमचं झालं, आमी मेलो का? अन् आईला सांगू नका, ती उगी रडती."

हेही कालचंच. मी हसू लपवायला बशी तोंडाला लावली.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "मंजुळाबाई, गोंदायला आले! हळद वाटली का?"

प्रियंकाने आईकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी झटकन माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना गोंदायचंय."

आरोही जवळ आली. "आजोबा, तुम्हाला हवंय?"

चाळीस वर्षांत या घरात मला कोणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी छाती काढून म्हणालो, "न्हाई!"

मग मंजुळाबाईंनी सगळं कबूल केलं. प्रियंका आधी संतापली, मग हळू आवाजात म्हणाली, "ते अन् हे एक न्हाई, आई. ते लई भयंकर हाय."

"व्हय. पण बोलणं तर माझंच हाय." मंजुळाबाईंचा हात स्वतःच्या कपाळावरच्या हिरव्या तुळशीकडे गेला. त्यांचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं.

"मला तवा कुणी इचारलं असतं, तर मीबी न्हाईच म्हणले असते," त्या म्हणाल्या, आणि गोंदणारणीसाठी चहा ठेवायला उठल्या.